मूळ फुटेपर्यंत

स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटलीत लावलेला मनीप्लांट घरोघरी असतो, पण तो फुललेला कुणी पाहिलेला नसतो. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरची. १८८० साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पुढची ऐंशीएक वर्षे वनस्पतिशास्त्रज्ञ तिला एका प्रजातीतून दुसरीत हलवत राहिले, कारण ओळख पक्की करायला लागणारे फूलच हाती येत नव्हते. लागवडीतला मनीप्लांट आपणहून फुलल्याची १९६४ नंतर नोंद नाही. याचे कारण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक बनवण्याच्या साखळीतली एक कडी या वेलीत निकामी आहे. तेच संप्रेरक बाहेरून दिले की तिला फुले येतात. एरवी फूल नाही, म्हणून बी नाही. तरीही ती आज जगभरच्या खिडक्यांत आहे, आणि ती तिथे पोचली एकाच वाटेने: कुणीतरी फांदी तोडली आणि दुसऱ्याच्या हातात दिली.

फांदी तोडून लावतो तेव्हा जुनेच झाड आणखी एका जागी जगायला लागते. हे मनात पक्के बसले की घरच्या घरी झाडे वाढवण्याचा सगळा प्रश्न बदलतो. वाढायचे कसे हे झाडाला ठाऊक असते. तोडल्या क्षणापासून मूळ फुटेपर्यंत मधले दहा, वीस, कधी साठ दिवस त्याला तगवायचे कसे, एवढेच आपल्याकडे उरते. पाण्यातली बाटली, वाळूची कुंडी, मध, दालचिनी, विकतची पावडर, गुटी, विभागणी या सगळ्यांकडे मी इतकी वर्षे याच एका कसोटीने पाहत आले आहे.

आपल्या शेतकऱ्याला यात नवे काही नाही. महाराष्ट्रातला सारा ऊस टिपऱ्यांवर किंवा टिपरीपासून केलेल्या रोपांवर उभा आहे. दोन डोळ्यांची टिपरी सरीत मांडताना डोळे बाजूला यावेत ही काळजी कुणी पुस्तकात वाचून घेत नाही. केळीचे मुनवे, हळदीचे गड्डे, गवती चहाचे ठोंब, शेवंतीच्या काश्या, नागवेलीचे बेणे अशी प्रत्येक पिकाची स्वतंत्र शब्दांची पेटीच मराठीत आहे. ‘कलम’ हा शब्दही तसाच. अरबीतून आलेला, मुळात बोरूचा, म्हणजे तिरपा छाटून लिहायला घ्यायच्या काडीचा. त्याच छाटाने तो झाडाकडे गेला. घरातल्या कुंड्यांच्या बाबतीत मात्र ही पेटी आपण विसरतो आणि दहा सेकंदांच्या चित्रफितीवर विश्वास ठेवतो.

छाटलेल्या फांदीत नेमके काय घडते याचे उत्तर हळूहळू मिळत गेले. १८७८ मध्ये हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवले की वाळुंजाच्या जातीच्या फांदीचा तुकडा कसाही टांगला, अगदी उलटा टांगला, तरी मुळे त्याच्या मूळच्या खालच्या टोकाला फुटतात आणि कोंब मूळच्या वरच्या टोकाला. फांदीला आपले वर-खाली आठवत असते. त्यामागचा पदार्थ हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट याने ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून १९२८ मध्ये दाखवून दिला. त्याला ऑक्सिन म्हणतात. ते मुख्यतः शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होते आणि तासाला साधारण एक सेंटिमीटर या गतीने खोडातून खाली सरकत राहते. फांदी तोडली की खालची वाट बंद होते, ऑक्सिन छाटाशी साठते, आणि तिथल्या पेशी आपले जुने काम सोडून मुळांच्या कामाला लागतात. १९३५च्या सुमारास प्रयोगशाळेत बनवलेले इंडोल ब्युटिरिक आम्ल हेच काम अधिक टिकाऊपणे करते असे आढळले. आज कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या मुळे फुटवण्याच्या पावडरीत बहुधा तेच असते.

या माहितीतून घरच्या कामाचे तीन नियम आपोआप निघतात. फांदी उलटी खोचायची नाही. जाड फांदीचे तुकडे करताना हे हमखास चुकते, म्हणून मी खालचा छाट तिरपा आणि वरचा आडवा घेते. दुसरे, थोडी पाने ठेवायचीच, कारण ऑक्सिन आणि अन्न तिथूनच येते. पण फार ठेवायची नाहीत, कारण मुळे नसलेल्या फांदीला पानांतून उडणारे पाणी भरून काढता येत नाही. दोन पाने पुरतात, मोठी असतील तर अर्धी कापावीत. तिसरा नियम सगळ्यांत जास्त मोडला जातो: तुकड्यात एक तरी गाठ हवी, म्हणजे पान जिथे खोडाला चिकटते ती जागा. तिथे डोळा असतो.

गाठ नसली तर काय होते याचे रडवणारे उदाहरण बाजारात विकायला असते. फेब्रुवारीत छोट्या कुंडीत बदामाच्या आकाराचे एकच जाड पान खोचून विकतात, ते होया केरी या वेलीचे. त्या पानाला मुळे फुटतात, ते दोन-दोन वर्षे हिरवेगार राहते, पण देठाशी डोळ्याचा अंश आलेला नसेल तर त्यातून वेल कधीच निघत नाही. मॉन्स्टेराच्या बाबतीतही हेच. एक फाटके पान देठासकट पाण्यात ठेवले तर देठाला मुळ्या येतील, झाड येणार नाही. या वेलींचे तुकडे मोठ्या किमतीला विकले जातात, तेव्हा घेणाऱ्याने पानाच्या देखणेपणाआधी गाठ तपासावी. गाठीवर हवाई मूळ दिसत असेल तर उत्तमच.

काही झाडांचे पानही पुरते, आणि ही झाडे मला फार प्रिय आहेत. पानफुटीच्या पानाच्या काठावरच्या प्रत्येक खाचेत झोपलेले रोप असते. पान जमिनीवर पडले की ते जागे होते. आफ्रिकन व्हायोलेट १८९२ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांत एका जर्मन अधिकाऱ्याच्या नजरेस पडले आणि पुढे पानापानाने घरोघरी पसरले. देठासकट पान ओलसर वाळूत तिरपे खोचले की दोनेक महिन्यांत देठाच्या पायथ्याशी उंदराच्या कानांएवढी पाने येतात. झीझी प्लांटची एकेक पर्णिका मातीत खोचता येते, पण ती आधी जमिनीखाली बटाट्यासारखी बारीक गाठ करते आणि मग, कित्येक महिन्यांनी, कोंब वर काढते. इतक्या काळात माणूस कुंडी रिकामी करून दुसरे काही लावतो. ती गाठ मी स्वतः दोनदा कचऱ्यात टाकली आहे.

स्नेक प्लांटची गोष्ट वेगळी सांगावी लागते. पिवळ्या काठाच्या जातीचे पान आडवे कापून तुकडे लावले तर मुळे येतात, नवा कोंबही येतो, पण तो निव्वळ हिरवा, पिवळ्या काठाविना. पुष्कळांना वाटते खत कमी पडले, ऊन कमी पडले. खरे कारण झाडाच्या बांधणीत आहे. ते झाड म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाच्या ऊतींचे एकमेकांभोवतीचे थर आहेत. पानाच्या तुकड्यातून नवा कोंब निघतो तो हिरव्या थरातल्या पेशींतून, मग पिवळा थर त्याच्या वाट्याला येतच नाही. पिवळा काठ हवा असेल तर कुंडी उपडी करून कंदासकट कोंब वेगळा करणे हाच मार्ग. ‘जुनेच झाड पुढे चालते’ हे म्हणणे इथे थोडे सावरून घ्यावे लागते: झाडाचा कोणता भाग पुढे चालतो, हे आपण कुठे कापतो त्यावर ठरते.

आता पाणी की माती, हा सदाचा वाद. पाण्यात मूळ फुटलेले डोळ्यांना दिसते, त्यातला आनंद मी नाकारत नाही. लहान मुलाला झाड दाखवायचे तर पुदिन्याच्या जुडीतल्या दोन काड्या पेल्यात ठेवाव्यात, आठवड्यात पांढरी मुळे येतात. मनीप्लांट, सिंगोनियम, कोलियस, ट्रॅडेस्कॅन्शिया ही मंडळी पाण्यात सुखाने रुजतात. पण पाण्यात वाढलेले मूळ पाण्याच्या सवयीचे असते. ते ठिसूळ असते, त्यावर मूळकेस कमी असतात. महिनाभर लांबलेला मुळांचा झुपका मातीत लावला की झाड माना टाकते आणि आपण मातीला दोष देतो. मुळे दोन-तीन बोटे लांब झाली की लगेच हलवावे आणि पुढचे दहा दिवस माती नेहमीपेक्षा ओली ठेवावी. पाणी तीन-चार दिवसांनी बदलायचे, कारण फांदी सडते ती पाण्याने नव्हे, पाण्यातला प्राणवायू संपल्याने.

पाणी बदलण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते मला झाडापेक्षा महत्त्वाचे वाटते. डेंगीचा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मुंबईत महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी येऊन मनीप्लांटच्या बाटल्या आणि ‘लकी बांबू’चे पेले तपासतात ते उगीच नाही. (हा बांबू बांबू नसून आफ्रिकेतला ड्रसिना आहे.) नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी बाटलीच्या काचेला चिकटलेली असतात, म्हणून बाटली आतून घासायला हवी. आठवड्यातून एकदा हे जमणार नसेल तर घरात पाण्यातले कलम ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा कौल मातीला, म्हणजे खरे तर माती नसलेल्या मातीला. रोपवाटिकेतून पिशवीत मिळणारी लाल माती कुंडीत विटेसारखी बसते आणि छाट गुदमरतो. पहिली तीन-चार वर्षे माझी जास्वंदाची बहुतेक कलमे त्यातच काळी पडली. अर्धी जाडसर वाळू आणि अर्धा धुतलेला कोकोपीट एवढे पुरते. नारळाच्या काथ्याचा हा भुसा पाणी धरतो, वाळू हवा खेळती ठेवते, आणि खत तर या टप्प्यावर मुळीच नको. वरून पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी किंवा कापलेली मोठी बाटली उपडी घालायची, म्हणजे पानांभोवतीची हवा दमट राहते. कुंडी उजेडात पण उन्हाबाहेर. पिशवीच्या आत दव साचलेले दिसत असेल तर पाणी घालायचे नाही.

पावसाळा म्हणजे निसर्गाने आख्ख्या गावावर घातलेली तीच पिशवी. मृगाचा पाऊस स्थिरावल्यापासून आषाढ संपेपर्यंत कोकणात आणि मुंबईत जास्वंद, मोगरा, तगर यांची पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून अशी फांदी नुसती खोचली तरी लागते. विदर्भ-मराठवाड्यात पावसाची उघडीप लांबते, तिथे पिशवी सोडू नये. एप्रिल-मे मात्र मोकळा सोडावा. नागपूरच्या उन्हाळ्यात मुळाविना फांदी तगवण्याचा हट्ट मी पाहिला आहे, त्यात झाड आणि माणूस दोघेही सुकतात. उलटी रीत फक्त गरदार आणि चिकाच्या झाडांची: निवडुंग, जेड, चाफा. यांचा छाट सावलीत आठवडाभर सुकू द्यायचा, त्यावर खपली धरली की मगच कोरड्या वाळूत लावायचा. यांना पिशवी घातली की ती कुजलीच म्हणून समजा.

जास्वंदाचा विषय निघालाच आहे तर सांगते: आपल्या दारातले जास्वंद रानात कुठेही आपोआप वाढलेले सापडत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातानेच चालत आले आहे. दिल्ली अबोली म्हणून ओळखली जाणारी केशरी अबोलीही तशीच, गुणसूत्रांचे तीन संच असल्याने तिला बीच धरत नाही. गजऱ्यातली ती फुले सगळीच्या सगळी छाटांची.

घरगुती युक्त्यांबद्दल थोडक्यात. मधात मुळे फुटवणारे काही नाही, जंतूंना थोपवण्याचा गुण आहे. दालचिनीची पूड बुरशीला काहीशी आवर घालते, पण ओल्या छाटाला कोरडेही करते. कोरफडीच्या गराने नुकसान होत नाही. हे सगळे स्वच्छतेचे उपाय आहेत आणि ते काम धारदार, गरम पाण्याने पुसलेली पात अधिक नीट करते. वाळुंजाच्या फांद्या भिजवलेले पाणी वापरण्यामागे थोडे शास्त्र आहे, कारण त्या कुळातली झाडे मुळे फुटण्यात अव्वल असतात, पण त्या पाण्याची ताकद प्रत्येक वेळी वेगळी. विकतची पावडर खरोखर उपयोगी पडते ती अनंत, बोगनवेल, क्रोटन अशा अडून बसणाऱ्यांना. मऊ, अर्धवट पिकलेल्या आणि जून फांदीसाठी तिच्या वेगवेगळ्या तीव्रता मिळतात. जास्त लावली तर फायदा होत नाही, छाट जळतो. मनीप्लांटला पावडर लावणे म्हणजे पोहणाऱ्याला काठी देणे.

ज्यांना छाटकलम मानवत नाही त्यांच्यासाठी झाडावरच मूळ फोडून घेण्याची रीत आहे. उंच वाढून खालून बोडका झालेला रबर प्लांट घरोघरी छताला टेकलेला असतो. त्यावर गुटी बांधावी. शेंड्याखाली हात-दीड हात अंतरावर बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, चीक पुसायचा, भिजवून पिळलेले स्फॅग्नम मॉस भोवती लपेटून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचे. सालीतून खाली जाणारे ऑक्सिन आणि साखर तिथेच अडते, वर जाणारे पाणी आतल्या लाकडातून चालू राहते. म्हणजे फांदीला तहान न लागता मूळ फुटते, आणि तगवण्याचा प्रश्नच मिटतो. डाळिंबाच्या बागा याच गुटीवर वाढल्या. दीड-दोन महिन्यांनी प्लॅस्टिकआड मुळे दिसली की खालून कापायचे. मोगऱ्याची फांदी खाली वाकवून कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवला, तर दाबकलम म्हणजे तेच काम, बिनखर्चाचे. गुलाबाला डोळा भरणे हे हाताच्या सरावाचे काम आहे, ते रोपवाटिकेवर सोडावे. कढीपत्त्याच्या फांद्या खोचण्यात वेळ घालवू नये, जुन्या झाडाच्या मुळांतून वर आलेला फुटवा खणून घ्यावा.

आणि विभागणी. घरात सर्वांत खात्रीची, सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी पद्धत हीच, कारण तिच्यात चमत्कार दिसत नाही. पीस लिली, स्नेक प्लांट, कोरफड, नेचे, स्पायडर प्लांट, निशिगंध, कर्दळ ही झाडे कुंडीत स्वतःच स्वतःची पिल्ले करत असतात. प्रत्येक पिल्लाला मुळे आधीच असतात, म्हणून तगवायचे दिवस जवळजवळ शून्य. तरी लोक फसतात ते एका गोष्टीत: मूळ म्हणजे झाड असे समजतात. इथे सफेद मुसळीची आठवण होते. स्पायडर प्लांटची ही चुलत बहीण, आणि तिच्या शास्त्रीय नावातले ‘बोरिव्हिलिआनम’ आपल्या बोरिवलीवरून आले आहे. मुसळी लावणारा शेतकरी मुळाची बोटे सुटी करतो तेव्हा प्रत्येक बोटाला वरच्या चकतीचा तुकडा, डोळ्यासकट, राहील असे पाहतो. नुसते गुबगुबीत बोट जमिनीत कुजून जाते. डेलियाच्या कंदांचेही तंतोतंत असेच. पीस लिली फोडताना म्हणूनच सुरी मुळांत न घालता आधी पानांच्या बुडाशी बोटांनी चाचपायचे. दोन झुबक्यांमध्ये नैसर्गिक खाच असते, तिथून हाताने उकलायचे आणि उकलत नाही तिथेच कापायचे. आदल्या दिवशी पाणी घालावे, कुंडी पिल्लाच्या बेताने लहान घ्यावी. मोठ्या कुंडीतली न शोषली जाणारी ओल मुळे कुजवते.

कापाकापी करताना एक काळजी: डिफेनबॅकियाचा रस आणि युफोर्बियाचा चीक त्वचेला, विशेषतः डोळ्यांना, वाईट. हातमोजे घालावेत.

एकाच झाडाचे तुकडे पुढे चालवण्याला एक काळी बाजू आहे, आणि तीही ऊसवाल्यालाच नीट ठाऊक आहे. बियाण्यातून बरेचसे रोग गळून पडतात, कलमातून ते सोबत येतात. गवताळ वाढीसारखा रोग बेण्यातून पसरतो, म्हणून दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला, शुद्ध बेणेमळ्यातले घ्या, असे मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कृषी विद्यापीठे सांगत असतात. ऊतिसंवर्धनाचा मोठा उपयोगही हाच: शेंड्यातला सुईच्या टोकाएवढा कोवळा भाग घेतला तर त्यात विषाणू बहुधा पोचलेला नसतो. घरात आपण एवढे करू शकत नाही, पण चुरगळलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या पानांच्या झाडाचे कलम प्रेमापोटी घेऊ नये. पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत कापसासारखा बसलेला असतो. भेट आलेले प्रत्येक कलम मी तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब, न्हाणीघराच्या खिडकीत ठेवते. आणि उरलेल्या फांद्या ओढ्यात किंवा टेकडीवर टाकू नयेत. ज्या झाडाच्या पडल्या तुकड्याला मूळ फुटते ते तिथेही थांबणार नाही, आपल्या डोंगरउतारांवर घाणेरीचे काय झाले ते सगळ्यांसमोर आहे.

शेवटची गोष्ट काळाची. माझ्या हिशेबात सडून, वाळून किंवा किडीने गेलेल्या कलमांपेक्षा जास्त कलमे गेली ती मूळ आले का हे उपटून पाहिल्याने. पहिली मुळे केसासारखी असतात, एका ओढीत तुटतात. वर नवे पान दिसणे हीदेखील खात्रीची खूण नाही, फांदी आपल्या साठ्यावरही एखादे पान काढते. हलक्या हाताने ओढल्यावर फांदीने किंचित विरोध केला तर खाली मूळ आहे, आणि हे आठवड्यातून एकदाच करायचे. म्हणून प्रत्येक कुंडीत मी आइस्क्रीमची एक काडी खोचते. तिच्यावर पेन्सिलीने, कारण शाई पावसात धुऊन जाते, तारीख लिहिते आणि फांदी कुणाकडची ते लिहिते. आज गॅलरीत अशा अकरा काड्या आहेत. सगळ्यांत जुनी स्नेक प्लांटच्या पानाच्या तुकड्याची: ‘१८ जून, ताईची गॅलरी’. त्याला अजून कोंब नाही. पान घट्ट आहे, परवा ओढून पाहिले तेव्हा हलले नाही.